पाकोळ्यांचा पदर

"हात काढ आधी त्यावरून," वन्सं म्हणाल्या.

मी मोरीच्या कट्ट्याशी उकिडवी बसले होते. मांडीवर काळ्या साडीचा पदर आणि डाव्या हातात ओलं फडकं. पदराचा काळा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरत चालला होता. आधी तपकिरी झाला, मग विटकरी. जिथे जिथे माझं फडकं फिरलं होतं, तिथे तिथे. मी घाबरून आणखी पुसत होते आणि पुसावं तितकं ते वाढत होतं.

"पुसू नकोस म्हटलं ना," वन्सं म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला, फडकं नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. "वास नाही आला तुला?"

मला सर्दी होती. जानेवारीतली मिरजेची कोरडी थंडी माझ्या दापोलीच्या नाकाला मानवली नव्हती. तसं मी सांगितलं, पण ते सांगताना माझं मलाच खोटं वाटलं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, कुमुद. तेव्हा त्या चौतिसाव्या वर्षात होत्या. मिरजेतल्या एका इस्पितळात एक्स-रे काढायच्या आणि तिथल्याच डार्क रूममध्ये फिल्म धुवायच्या. लग्न झालेलं नव्हतं. बोलणं मोजकं आणि बहुतेक वेळा तिखट. त्यांचा पांढरा कोट फिल्म धुण्याच्या औषधाने डागळायचा, म्हणून मोरीत झाकण घातलेली एक बादली कायम असे. तिच्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी. पावडर तळाशी बसली की वरचं पाणी इतकं नितळ दिसे की कुणीही प्यायला घ्यावं. मी प्यायला घेतलं नाही, एवढंच. फडकं मात्र बुडवलं.

पण फडकं बुडवायची बुद्धी मला झाली ती माझ्या माहेरामुळे. कोकणात पावसाळ्यात चपलांपासून पंचांगापर्यंत सगळ्यावर बुरशी येते. आम्ही पोरी हातात ओलं फडकं घेऊनच मोठ्या झालो. पांढुरकी बुरशी दिसली की पुसायची आणि वाऱ्यावर टाकायची, विचार करायचा नाही. त्या दिवशी दुपारी मी साडी ट्रंकेतून काढली तेव्हा पदराच्या घड्यांवर बुरशीचे पट्टे होते. वर्षानुवर्षं उघडली नव्हती ना. माझा हात आपोआप चालला.

आणि ही साडी साधी नव्हती. लग्न झालेल्या मुलीची पहिली संक्रांत असली की तिला काळी साडी नेसवायची, हलव्याचे दागिने घालायचे आणि बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. माझी पहिली संक्रांत परवावर आली होती. सासूबाई जयसिंगपूरला त्यांच्या बहिणीकडे हलव्याचे दागिने करायला गेल्या होत्या. जाताना त्यांनी ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली आणि "ती काळी काढून जरा वाऱ्यावर टाक, तीच नेसायची तुला" एवढंच सांगितलं. ती साडी कुणाची, ते मला ह्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. वन्संचं लग्न ठरलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. सासूबाईंनी लेकीच्या पहिल्या संक्रांतीसाठी हौसेने ही चंद्रकळा आधीच घेऊन ठेवली. मग वन्सं खोकायला लागल्या, एक्स-रेच्या फोटोत छातीवर डाग निघाला, आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. औषधं आणि इंजेक्शनं घेऊन वन्सं वर्ष-दीड वर्षात खडखडीत बऱ्या झाल्या. नकार मात्र तसाच राहिला. साडी ट्रंकेत गेली. तिचा विषय घरात कुणी काढायचं नाही, असा न ठरवता ठरलेला नियम होता.

ती साडी सासूबाईंनी मला दिली, आणि मी तिचा पदर एका दुपारी नासवला. तोही ज्यांच्यासाठी ती घेतली होती त्यांच्याच समोर. दापोलीची एस.टी. किती वाजता सुटते, हा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

"वन्सं, रंगाऱ्याकडे टाकू का?" मी विचारलं.

"परवा संक्रांत आहे. रंगारी हसेल तुला." त्यांनी साडी उचलून नळाखाली धरली, भरपूर पाण्याने खळबळली, आणि फडताळातून एक बरणी काढली. खडीसाखरेसारखे खडे होते तिच्यात. "नुसत्या पाण्याने ब्लीच थांबत नाही. वास जातो, पण ते कापड खात राहतं. आठ दिवसांनी बोट घातलंस तर आरपार जाईल. हा हायपो. आमच्याकडे फिल्मला लागतो. ह्याने थांबतं."

खडे पाण्यात विरघळवून त्यांनी पदर त्यात बुडवला आणि पाटावर बसून राहिल्या. ओरडल्या नाहीत. "काय केलंस हे" असंही म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच रडायला लागले, आणि आई आल्या की काय सांगू, असं म्हणाले.

"आई उद्या संध्याकाळी येणार आहे," त्या म्हणाल्या. "तोवर रडून घे किंवा मला चहा टाकून दे."

मी चहा टाकला.

परसात दोरीवर पदर पसरून त्या चहाचा पेला हातात घेऊन समोर बसल्या. अर्धा तास तरी नुसत्या बघत होत्या. सात डाग होते. सहा बोटभर रुंद, ओढल्यासारखे तिरपे. सातवा पदराच्या खालच्या बाजूला, या काठापासून त्या काठापर्यंत लांबच लांब. तो मी सगळ्यांत आधी, मोठ्या उत्साहात पुसला होता.

"तू डावखुरी आहेस?"

"हो." मी खाली मान घातली. पंगतीत डाव्या हाताने वाढलं म्हणून सासूबाईंनी मला दोनदा टोकलं होतं.

"म्हणून सगळे एकाच बाजूला झुकलेत. बरं झालं," वन्सं म्हणाल्या आणि पेला ठेवून उठल्या.

त्यात बरं काय झालं ते मला कळेना. त्या आतून एक एक्स-रेची फिल्म घेऊन आल्या. काळीभोर, चकचकीत, हातभर लांब. ती पाटावर ठेवून पांढऱ्या पेन्सिलीने तिच्यावर त्यांनी एक पाखरू काढलं. पंख ताणलेले, शेपटीला खाच. एका दमात, न खोडता. मग दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं बोटांत धरून कापायला लागल्या.

"पाकोळी," मी म्हणाले.

"आमच्या इस्पितळाच्या पोर्चात घरटी आहेत त्यांची. कधी सरळ उडत नाहीत. बघ, तुझे डाग कसे आहेत."

मी दोरीकडे पाहिलं, आणि मला दिसलं. सहा तिरपे फटकारे, सगळे एकाच दिशेला. एकेका फटकाऱ्यावर एकेक पाखरू बसवलं तर डाग त्याच्या पोटात गडप होणार होता. आणि मग कुणी म्हणणार नव्हतं की हा डाग आहे.

काटकसर मात्र माझ्या हाडात मुरलेली. त्यांनी फिल्मच्या वरच्या बाजूला, जवळजवळ मधोमध, कापायला घेतलं होतं. मी म्हणाले, वन्सं, कडेपासून कापा ना, बाकीची फिल्म उरेल.

"इथूनच," त्या म्हणाल्या. पातं थांबलं नाही.

त्याच फिल्ममध्ये त्यांनी आणखी दोन पाखरं कापली. एक वळणारं, लहान. एक बसलेलं. बसलेलं कशाला, असं मी विचारलं तर त्यांनी त्या लांबलचक सातव्या डागाकडे बोट केलं. "ही विजेची तार आहे. तारेवर कुणीतरी बसायला नको?"

दुसऱ्या दिवशी भोगी होती. वन्संनी इस्पितळात रजा कळवली. सात वर्षांतली पहिली, असं ह्यांनी मला हळूच सांगितलं आणि आपण डबा घेऊन स्टेशनवर ड्यूटीला गेले. मी भोगीची भाजी चढवली आणि पुढचा सगळा वेळ तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती करपली.

वन्संनी मैद्याची खळ शिजवून गार केली. ब्लीचचं नितळ पाणी कपड्यातून गाळून थोडं थोडं खळीत घातलं, म्हणजे ते कापडावर इकडेतिकडे पळणार नाही. पदराच्या खाली पाट सरकवला आणि त्यावर जुनं धोतर, म्हणजे खालच्या घडीला लागणार नाही. परसाचं दार उघडं ठेवलं. पण आधी त्यांनी साडीचं दुसरं टोक, जे नेसताना आत खोचलं जातं, ते घेतलं आणि तिथे लहान पाखरू करून पाहिलं.

मी वाट बघत होते की आता पांढरंशुभ्र पाखरू उमटेल. उमटलं ते तपकिरी. मग फिकं होत होत गुळाच्या रंगावर आलं.

"पांढरं नाही होणार?"

"काळा रंग एकटा नसतो कधी. त्यात काय काय मिसळलेलं असतं ते ब्लीच दाखवतं. कुठे निळा निघतो, कुठे हिरवा. ह्याच्यात गूळ निघाला." त्यांनी ते टोक हायपोत बुडवलं. "संक्रांतच आहे. चालेल."

मग त्या कामाला लागल्या. फिल्म डागावर ठेवायची, डाव्या तळहाताने घट्ट दाबायची, उजव्या हातातल्या फडक्याच्या पुरचुंडीने खळ टिपायची. टिपायची, पुसायची नाही. पुसलं की कडेखाली घुसते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, माझ्याकडे न बघता, आणि मला ते पुरेसं लागलं. मी घड्याळ बघू का, असं विचारलं.

"घड्याळ बघून फिल्म धुणारे पुष्कळ आहेत. रंगाकडे बघ. गुळापर्यंत आला की थांबायचं. आणखी उजळ होईल म्हणून लोभ केलास की कापड जातं."

मी त्यांचे हात बघत होते. औषधाने नखं पिवळी पडलेली, बोटांची टोकं चिरलेली. दोन महिने मी त्या घरात होते आणि हे हात फक्त ताट सरकवताना, दार लावताना पाहिले होते. आता ते कापडावर चालले होते आणि त्यांना कुठे थांबायचं ते डोळ्यांच्याही आधी कळत होतं. रंग गुळावर येतो न येतो तोच फिल्म उचललेली असायची, पदर पाण्यात गेलेला असायचा, तिथून हायपोत. मला शिवण येतं, वीणकाम येतं, रांगोळीत माझा नंबर आलेला आहे. पण इतकं स्वच्छ काम मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि मी ते त्यांना सांगितलं.

"बोलू नकोस, थुंकी उडते," त्या म्हणाल्या. पण कान लाल झालेले मी पाहिले.

सहा डागांची सहा पाखरं झाली. लांब डाग कडेने सारखा करून त्याची तार झाली आणि तारेवर दोघी बसल्या. मला वाटलं संपलं. वन्सं म्हणाल्या, एवढ्यावर सोडलं तर ठिगळं दिसतील. मग तारेपासून खांद्यापर्यंत त्यांनी आणखी पाखरं सोडली. खाली दाट, वर विरळ. खांद्यावरच्या शेवटच्या जागेशी त्या थांबल्या आणि पुरचुंडी माझ्यापुढे धरली.

"ही तू कर. डाव्या हाताने."

मी टिपलं. गुळाचा रंग आला तेव्हा मी "आता?" म्हणाले आणि त्या म्हणाल्या, "मला कशाला विचारतेस?" मी फिल्म उचलली. एकवीस झाल्या.

सासूबाई संध्याकाळी आल्या तेव्हा साडी माडीवर वाळत होती. आल्या त्या हलव्याच्या डब्यांसकट दमून झोपल्या. मी काही बोलले नाही. वन्संनीच सांगितलं होतं, आज नाही. मला त्या रात्री झोप कशी ती नव्हती. पाखरं कितीही सुंदर असोत, साडी त्या माउलीने अकरा वर्षं जपली होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

संक्रांतीच्या दुपारी चारला बायका यायला लागल्या. मी आतल्या खोलीत साडी नेसून उभी होते. सासूबाई हलव्याच्या दागिन्यांचं ताट घेऊन आत आल्या. त्यांच्या मागोमाग शेजारच्या मगदूम काकू, ज्यांना कुठल्याही घरात आतल्या खोलीपर्यंत जाण्याची मुभा होती. आणि दाराशी वन्सं, तिळगुळाची वाटी हातात धरून.

सासूबाईंनी पाहिलं आणि ताट पलंगावर ठेवलं.

"अगं बया," मगदूम काकू म्हणाल्या, "कुठनं आणलासा हो असला पदर? कोल्लापुरातनं?"

मी म्हणाले, "आई, माझ्याकडून..."

"मी काढल्यात त्या," वन्सं दारातून म्हणाल्या. "साडी माझी होती ना? मला हवं ते केलं मी तिचं."

साडी कुणाची, ते अकरा वर्षांत त्या घरात कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी कमरेचा चष्मा काढून लावला, माझा पदर हातात घेतला आणि तारेवरच्या दोघींवर बोट ठेवलं. मग बोट एकेका पाखरावरून वर वर सरकत माझ्या खांद्यापर्यंत आलं. त्या मोजत होत्या.

"पाकोळ्या ना गं ह्या? तुमच्या पोर्चातल्या?"

"हो."

"तू आत इंजेक्शन घ्यायचीस," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा मी पायरीवर बसून ह्याच मोजायची. रोज. एकदाही मोजून पुऱ्या झाल्या नाहीत."

वन्संच्या हातातली वाटी जराशी कलली. सासूबाईंनी डोळे पुसले नाहीत, चष्माच काढून कमरेला खोचला. हलव्याचा हार उचलून माझ्या गळ्यात बांधला, बिंदी लावली, आणि मागे सरून मला एकदा नीट पाहिलं.

"ही परत ट्रंकेत ठेवायची नाही," त्या म्हणाल्या. "नेसायची. फाटेपर्यंत नेसायची."

बायका उठून गेल्यावर, भांडी आवरताना मी त्यांना सगळं खरं सांगितलं. बादली, फडकं, बुरशी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोरीत तुझं फडकं पांढरं फटक पडलंय, ते दिसलं मला येताच. आणि कुमुदने सोडलेली पाखरं अशी झुकायची नाहीत. तो डावा हात आहे." त्यानंतर पंगतीत डाव्या हाताने वाढते म्हणून त्यांनी मला कधी टोकलं नाही.

ती साडी मी सोळा संक्रांती नेसले. नंतर विरली. पदर तेवढा कापून ठेवला.

गेल्या वर्षी आम्ही सांगलीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. वन्सं आमच्याकडेच असतात, त्यांना चौऱ्याहत्तरावं लागलंय. जुनी ट्रंक भंगारात द्यायची म्हणून मी आतला कागद काढत होते, तर कागदाखाली ती फिल्म निघाली. तीन पाखरांच्या तीन खिडक्या पडलेली. मी सहज ती गॅलरीच्या उजेडाकडे धरली. इतक्या वर्षांत कधी धरली नव्हती. त्या दोन दिवसांत तर ती पाटावर आणि कापडावरच पाहिली होती, मला ती नुसती काळी फिल्म होती.

उजेडात बरगड्या दिसल्या. दोन्ही बाजूंच्या, नाजूक, मुलीच्या. आणि खाली कोपऱ्यात पांढऱ्या शाईत नाव. कु. कुमुद सबनीस. तारीख १९७२ची.

वन्सं गॅलरीत खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. मी फिल्म घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"वन्सं, ही तुमची होती?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. "इस्पितळातली फिल्म घरी कशी आणणार? तिथली एकेक मोजून ठेवलेली असायची. घरात माझी स्वतःची अशी एवढीच होती."

एवढंच कारण असेल तसं त्या म्हणाल्या आणि मेथीकडे वळल्या. मी फिल्म पुन्हा उजेडात धरली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ज्या डागापायी लग्न मोडलं, साडी ट्रंकेत गेली, तो मी शोधत होते. बरगड्या सगळ्या स्वच्छ होत्या. वरच्या बाजूला, जवळजवळ मधोमध, जिथून त्यांनी पहिल्यांदा पातं घातलं होतं, तिथे पंख पसरलेली पाकोळी होती आणि तिच्यातून गॅलरीतलं ऊन आत येत होतं.

"तो डाग कुठे होता ह्यात?" मी विचारलं.

"बघ की. दिसतोय का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर," वन्सं म्हणाल्या आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.